कायद्यातली फट आणि थॅडियस स्टीव्हन्स

१८२१ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात एक खटला निकाली निघाला. चॅरिटी बटलर नावाची काळी बाई आणि तिची मुलं गुलाम आहेत की मोकळी, एवढाच प्रश्न होता. पेनसिल्व्हेनियाने १७८० सालीच गुलामी हळूहळू बंद करणारा कायदा केला होता. बाहेरच्या राज्यातून तात्पुरत्या आलेल्या माणसाला आपला गुलाम सोबत ठेवता येई, पण फक्त सहा महिने. त्यापुढे मुक्काम लांबला, की गुलाम मोकळा. चॅरिटीला शेजारच्या मेरीलँडमधून इकडे आणलं जाई, परत नेलं जाई, पुन्हा आणलं जाई. सगळे दिवस एकत्र धरले तर सहा महिने उलटून जातात, असं तिच्या बाजूचं म्हणणं. समोरच्या वकिलाचं म्हणणं असं, की सहा महिने म्हणजे सलग सहा महिने. तुकडे जोडून भरलेले चालणार नाहीत. न्यायालयाला ते पटलं आणि चॅरिटी मुलांसकट गुलामीत परत गेली.

मालकाच्या बाजूने उभा राहिलेला तो वकील २९ वर्षांचा होता. एक पाय जन्मापासून वाकडा, जीभ धारदार. त्याचं नाव थॅडियस स्टीव्हन्स. पुढे हाच माणूस अमेरिकेच्या संसदेत गुलामीचा सर्वांत कडवा शत्रू म्हणून ओळखला गेला, आणि ज्या १४ व्या घटनादुरुस्तीवर आजही अमेरिकेतले मोठमोठे खटले उभे राहतात, ती संसदेतून पार करणाऱ्यांत तो पुढे होता.

एका खटल्याने माणूस बदलला, अशी गोष्ट सांगायला सोपी असते. स्टीव्हन्सच्या बाबतीत मी ती सांगणार नाही. पण त्याचं नंतरचं आयुष्य चाळताना तो खटला सारखा आठवतो, कारण कायद्यात एक शब्द सुटला तर जिवंत माणसाचं काय होतं, हे त्याने स्वतःच्या हाताने करून पाहिलं होतं.

जन्म ४ एप्रिल १७९२चा, उत्तरेकडच्या थंड व्हरमाँट राज्यातल्या डॅनव्हिल गावचा. बाप मोची आणि शेतकरी. तो घर सोडून निघून गेला. आई सॅराने चार मुलगे एकटीने वाढवले. अधू पायाचं पोर शेतात राबू शकणार नाही, तेव्हा त्याला शिकवायचंच, असं तिने ठरवलं आणि पार पाडलं. डार्टमथ कॉलेजातून तो १८१४ साली पदवी घेऊन बाहेर पडला, पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावी मास्तरकी करू लागला आणि सोबत वकिलीचा अभ्यास. तिथल्या वकीलमंडळींनी ठराव केला, की दुसरा धंदा करत करत कायदा शिकलेल्याला सनद द्यायची नाही. स्टीव्हन्सने काय केलं? हद्द ओलांडून मेरीलँडमध्ये गेला, तिथे परीक्षा दिली, सनद घेतली आणि परत येऊन गेटिसबर्गला पाटी लावली. परीक्षकांना मदिरा वाईनच्या बाटल्या पोचवाव्या लागल्या, असाही किस्सा सांगतात. कायद्यातली पहिली फट त्याने अशी स्वतःसाठीच शोधली.

वकिली जोरात चालली. जमिनी घेतल्या, लोखंडाच्या भट्ट्यांत पैसा घातला, कर्जही बरंच करून ठेवलं. जुगाराचा नाद होता. फ्रीमेसन या गुप्त मंडळींविरुद्ध निघालेल्या पक्षात तो शिरला आणि काही वर्षं त्यांच्यामागे हात धुऊन लागला; त्यातला बराचसा भाग आज वाचताना अतिरेकीच वाटतो. डोक्यावरचे केस आजारात गेले म्हणून टोप घाली. एका बाईने आठवण म्हणून केसांची बट मागितली, तर त्याने टोपच काढून तिच्या हातात दिला, म्हणे.

राज्याच्या विधिमंडळात असताना त्याने केलेलं एक काम मात्र खरोखर मोठं आहे. पेनसिल्व्हेनियाने १८३४ साली सर्वांना मोफत शाळेचा कायदा केला. त्यासाठी कर द्यावा लागणार म्हटल्यावर लोक खवळले. पुढच्याच वर्षी कायदा रद्द करायचा बेत पक्का झाला; वरच्या सभागृहाने तशी मंजुरीही दिली. त्याजागी पूर्वीसारखी सोय येणार होती: जे स्वतःला गरीब म्हणून नोंदवतील त्यांच्याच पोरांची फी सरकार भरणार. ११ एप्रिल १८३५ रोजी स्टीव्हन्स बोलायला उभा राहिला. या विधेयकाचं नाव बदला, म्हणाला. ‘श्रीमंतांपासून ओळखू यावेत म्हणून गरिबांना डाग देण्याचा कायदा’ असं ठेवा. माझ्या शेजाऱ्यांच्या पोरांसाठी मी कर भरतो, कारण ती पोरं उद्या माझ्यावर राज्य करणार आहेत, असा त्याचा एकंदर रोख होता. सभागृह फिरलं आणि शाळा वाचल्या.

दोन-तीन वर्षांनी त्याच राज्याची घटना नव्याने लिहिण्यासाठी परिषद भरली. जुन्या घटनेत मतदार कोण, हे सांगताना कातडीचा रंग लिहिलेला नव्हता. १८३८च्या मसुद्यात ‘गोरा’ हा एक शब्द घातला गेला आणि राज्यातल्या मोकळ्या काळ्या पुरुषांचं मत गेलं. स्टीव्हन्स त्या परिषदेचा सभासद होता. त्याने मसुद्यावर सही केली नाही.

१८४२ साली तो लँकेस्टरला राहायला गेला. त्याच्या घरची व्यवस्था लिडिया हॅमिल्टन स्मिथ या मिश्रवर्णीय विधवेने पाहिली, सुमारे वीस वर्षं, त्याच्या मरणापर्यंत. नोकराला नुसत्या नावाने हाक मारायच्या त्या काळात तिला घरी-दारी ‘मिसेस स्मिथ’ म्हटलं जाई. दोघांच्या नात्याबद्दल विरोधकांची वर्तमानपत्रं वाटेल ते छापत. ती बाई हुशार होती. पुढे तिने स्वतःच्या नावावर घरं घेतली, भाड्याच्या खोल्यांचा धंदा केला.

लँकेस्टरजवळ क्रिस्टियाना गाव आहे. १८५० साली संसदेने पळून गेलेले गुलाम पकडण्याचा कडक कायदा केला. उत्तरेतल्या सामान्य नागरिकानेही पकडणाऱ्याला मदत करायची, नाही केली तर शिक्षा. सप्टेंबर १८५१ मध्ये मेरीलँडचा एक मालक आपले पळालेले गुलाम धरायला क्रिस्टियानात आला. तिथल्या काळ्या लोकांनी सामना केला, मालक मारला गेला. सरकारने ३८ जणांवर देशद्रोहाचा आरोप ठेवला. पहिला खटला चालला तो एका गोऱ्या गिरणीवाल्यावर. त्याचा गुन्हा एवढाच, की तो घोड्यावर बसून बघत राहिला आणि पकडायला मदत करायला त्याने नकार दिला. बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स होता. अमेरिकेच्या घटनेत देशद्रोहाची व्याख्या मुद्दाम अरुंद ठेवली आहे: देशाविरुद्ध युद्ध पुकारणं किंवा शत्रूला साथ देणं. घोड्यावर बसून राहणं म्हणजे युद्ध कसं? ज्युरीने पंधरा मिनिटांत सोडून दिलं. तीस वर्षांपूर्वी चॅरिटीविरुद्ध वापरलेली रीत, म्हणजे शब्दाला चिकटून राहायची, या वेळी उलट्या बाजूने कामाला आली.

१८५९ पासून तो वॉशिंग्टनला, संसदेच्या खालच्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहात. गुलामी राखू पाहणारी दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली आणि यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा खर्चाच्या तरतुदी पाहणारी ‘वेज अँड मीन्स’ समिती त्याच्या हाताखाली होती. युद्धासाठी कर, कर्जरोखे, आणि १८६२ मध्ये सोन्याचा आधार नसलेल्या कागदी नोटा, सगळं तिथून गेलं. जिभेची धार कमी झाली नव्हती. युद्धमंत्री सायमन कॅमेरॉन भ्रष्ट आहे अशी त्याने लिंकनकडे तक्रार केली. तो चोरी करेल असं तुम्हाला म्हणायचंय का, असं लिंकनने विचारलं. ‘लाल तापलेली शेगडी तो चोरेल असं काही मला वाटत नाही,’ हे उत्तर. कॅमेरॉन चिडला, शब्द मागे घ्या म्हणाला. स्टीव्हन्सने घेतले: तो तापलेली शेगडी चोरणार नाही असं मी म्हणालो होतो, ते मी मागे घेतो.

जून १८६३ मध्ये, गेटिसबर्गच्या लढाईच्या थोडेच दिवस आधी, दक्षिणेच्या फौजेने कॅलेडोनियाचा त्याचा लोखंडाचा कारखाना जाळून टाकला. तो दक्षिणेवर पुढे इतका तुटून पडला तो या रागातून, असं त्याचे टीकाकार म्हणत आले. तारखा पाहिल्या तर ते जुळत नाही. बंडखोरांची मालमत्ता जप्त करा, असं तो १८६१ पासूनच म्हणत होता.

आता गोष्टीचा अवघड भाग, आणि इथे जरा सावकाश जायला हवं.

गुलामी कायमची बंद करणारी १३ वी घटनादुरुस्ती ३१ जानेवारी १८६५ रोजी प्रतिनिधिगृहात ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली. त्या चर्चेत विरोधकांनी स्टीव्हन्सला पेचात पकडायचा प्रयत्न केला: काळा आणि गोरा सगळ्या बाबतीत समान आहे असं तुम्ही मानता का? हो म्हणाला असता तर डळमळीत मतं गळाली असती. तो म्हणाला, सगळ्या बाबतीत नाही, फक्त कायद्यापुढे समान. आयुष्यभर जे मानलं त्यापेक्षा कमी बोलून त्याने मतं राखली.

पण त्या दुरुस्तीतच एक फट होती. गुलामी आणि वेठबिगारी राहणार नाही, ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून दिली असेल तर सोडून’. दक्षिणेतल्या गोऱ्या पुढाऱ्यांना ती दिसायला वेळ लागला नाही. मिसिसिपीने नोव्हेंबर १८६५ मध्ये नवे कायदे केले. काळ्या माणसाने दर जानेवारीत आपल्याकडे काम असल्याचा लेखी पुरावा दाखवायचा. नाही दाखवला तर तो ‘भटक्या’, म्हणजे गुन्हेगार. दंड करायचा, दंड भरता आला नाही की जो भरेल त्याच्याकडे कामाला जुंपायचं. गावाबाहेर शेतजमीन भाड्याने घ्यायलाही बंदी. काल मालकाकडे राबणारा माणूस आज शिक्षा म्हणून राबणार.

दुसरी अडचण हिशेबाची, आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. प्रतिनिधिगृहात कुठल्या राज्याला किती जागा, हे लोकसंख्येवर ठरतं. १७८७ साली घटना लिहिताना गुलामांना मोजायचं कसं, यावर भांडण झालं. दक्षिणेला ते माणूस म्हणून मोजायला हवे होते, हक्क द्यायला नको होते. तोडगा निघाला: प्रत्येक पाच गुलाम म्हणजे तीन माणसं.

दक्षिण कॅरोलिनाचे १८६० च्या जनगणनेचे आकडे घेऊ. एकूण लोक सुमारे ७ लाख ३ हजार, त्यातले ४ लाख २ हजार गुलाम. पाचाला तीन या हिशेबाने राज्याची लोकसंख्या धरली जाई सुमारे ५ लाख ४२ हजार. युद्ध संपलं, गुलामी गेली. आता पाचाला तीन कोणाला लावणार? गुलाम उरलेच नाहीत. म्हणजे सगळे ७ लाख ३ हजार पुरते मोजायचे. पण मत कोणाला? पूर्वीइतकंच, फक्त गोऱ्या पुरुषांना. युद्ध हरलेल्या, बंड केलेल्या राज्याला पूर्वीपेक्षा जास्त जागा! गुलामी संपल्याचं बक्षीस गुलामांच्या मालकांनाच. दक्षिणेचे प्रतिनिधी संसदेत येऊन बसले असते तर उत्तरेतल्या आपल्या जुन्या मित्रांशी हातमिळवणी करून त्यांनी काय काय परत फिरवलं असतं, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

लिंकनचा खून एप्रिल १८६५ मध्ये झाला होता. त्याच्या जागी आलेला अँड्र्यू जॉन्सन दक्षिणेतलाच. त्याने बंडखोरांना भराभर माफी दिली आणि राज्यांना निवडणुका घ्यायला सांगितलं. डिसेंबरात नवी संसद भरायची वेळ आली तेव्हा दक्षिणेचे निवडून आलेले लोक वॉशिंग्टनमध्ये हजर. त्यांत कालपर्यंत बंडखोरांच्या फौजेत आणि सरकारात असलेले बरेच. थोड्याच दिवसांनी जॉर्जियाने तर बंडखोर सरकारच्या उपाध्यक्षालाच सिनेटसाठी, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहासाठी, निवडलं.

त्यांना थांबवायचं कसं? स्टीव्हन्सला नियम पाठ होते. नव्या प्रतिनिधिगृहाचा अध्यक्ष निवडला जाईपर्यंत जुन्या गृहाचा कारकून हजेरी घेतो. हा कारकून म्हणजे हेडक्लार्कसारखा कोणी नाही, ते निवडून दिलेलं पद असतं. तेव्हा त्या पदावर होता एडवर्ड मॅकफर्सन, स्टीव्हन्सच्याच हाताखाली तयार झालेला. ४ डिसेंबर १८६५ रोजी त्याने नावं पुकारली आणि दक्षिणेची नावं सरळ गाळली. टेनेसीचा एक जण उठून बोलू लागला, तर ज्याचं नाव पुकारलेलं नाही त्याला बोलता येत नाही! बाहेर काढायला दरवान लागला नाही, पोलीस लागले नाहीत. गेटिसबर्गच्या वकिलाचा डाव.

मग दोन्ही सभागृहांची मिळून १५ जणांची समिती बसली. तिच्यात प्रतिनिधिगृहाच्या बाजूचा म्होरक्या स्टीव्हन्स. या समितीतून १४ वी घटनादुरुस्ती आली. तिचं पहिलं कलम मुख्यतः ओहायोच्या जॉन बिंगहॅमच्या लेखणीतलं. अमेरिकेत जन्मलेला तो अमेरिकेचा नागरिक. कायद्याने ठरलेल्या योग्य पद्धतीशिवाय कोणत्याही राज्याने कोणाचं जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता घ्यायची नाही. आणि प्रत्येकाला कायद्याचं समान संरक्षण. दुसरं कलम वरच्या हिशेबावरचं उत्तर: माणसं सगळी पूर्ण मोजू, पण एखाद्या राज्याने प्रौढ पुरुषांना मत नाकारलं तर त्या प्रमाणात त्याच्या जागा कापू. तिसरं, शपथ घेऊन नंतर बंड करणाऱ्याला पद नाही. चौथं, बंडखोर सरकारचं कर्ज फेडायचं नाही आणि गुलाम गेले म्हणून मालकांना भरपाई द्यायची नाही. पाचव्याने हे सगळं राबवायचा अधिकार संसदेला दिला.

स्टीव्हन्सला हे अपुरं वाटत होतं. काळ्यांना मताचा हक्क थेट दिलेलाच नाही, न देणाऱ्याला नुसता दंड सांगितलाय. ‘पुरुष’ हा शब्द राज्यघटनेत पहिल्यांदा शिरला म्हणून स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्याही संतापल्या, आणि त्यांचा संताप रास्त होता. आधी जागांच्या प्रश्नावरची एक वेगळी दुरुस्ती प्रतिनिधिगृहात पार झाली होती. ती सिनेटमध्ये पाडण्यात स्टीव्हन्सच्याच बाजूचा चार्ल्स समनर पुढे होता, कारण ती त्याच्या तत्त्वांत बसत नव्हती. स्टीव्हन्सने या पोरकट, पंडिती टीकेबद्दल जाहीर तोंडसुख घेतलं. सिनेटने १४ व्या दुरुस्तीचं तिसरं कलमही बरंच मवाळ करून परत पाठवलं.

१३ जून १८६६. वय ७४, तब्येत खालावलेली. शेवटच्या मतदानाआधी तो जे बोलला ते मला त्याच्या सगळ्या भाषणांत सर्वांत प्रामाणिक वाटतं. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत मी एक स्वप्न पाहिलं, की कधीतरी या देशाच्या संस्थांचा पाया हलेल आणि आपण त्या नव्याने उभारू, त्यात माणसाच्या जुलमाची खूणही उरणार नाही. ते स्वप्न विरलं. आता या जुन्या वाड्याच्या अगदी पडक्या भिंतींना ठिगळं लावून समाधान मानायचं, बाकी भागांत वादळवारा शिरतच राहणार. मग असं अर्धवट काम मी का स्वीकारतो? ‘कारण मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही.’ माझ्याइतकीच हुशार, माझ्याइतकीच हट्टी माणसं, ज्यांना माझं पटत नाही. मतदान झालं: १२० विरुद्ध ३२.

तडजोड करणारे पुढारी पुष्कळ असतात. आपण केलेल्या कामात वारा कुठून शिरणार आहे हे मतदानाच्या दिवशीच सभागृहात उभं राहून सांगणारा मला दुसरा माहीत नाही.

सगळ्यांत मोठी फट कोणती, हे त्याने त्याच्या आधीच्या वर्षी लँकेस्टरच्या भाषणात सांगून ठेवलं होतं: जमीन. ६ सप्टेंबर १८६५ रोजी त्याने आकड्यांसकट योजना मांडली. बंड केलेल्या राज्यांत ४६ कोटी ५० लाख एकर जमीन; त्यातली ३९ कोटी ४० लाख एकर फक्त सत्तर हजार बड्या मालकांकडे आणि राज्यांकडे. ती जप्त करा. मोकळ्या झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्या, म्हणजे साधारण १० लाख माणसांना ४ कोटी एकर. उरलेली विकून युद्धाचं कर्ज फेडा, जखमी सैनिकांना निवृत्तिवेतन द्या. काही हजार सरदारांच्या हाती सगळी जमीन असेल तिथे लोकशाही, शाळा, मोकळा व्यवहार यातलं काही टिकणार नाही, असं त्याचं म्हणणं. ४० एकरांचा आकडा हवेतला नव्हता. उत्तरेच्या फौजेतल्या जनरल शर्मनने जानेवारी १८६५ मध्ये समुद्रकाठची जमीन मोकळ्या झालेल्या कुटुंबांना जास्तीत जास्त ४० एकर अशी वाटायला हुकूम दिला होता, आणि लोक ती कसूही लागले होते. जॉन्सनने ती काढून जुन्या मालकांना परत केली.

१८६७ मध्ये स्टीव्हन्सने जमिनीचं विधेयक आणलं. त्याच्याच पक्षातल्या बहुतेकांनी तोंड फिरवलं. माणसाचं गुलामपण काढून घेणं त्यांना जमलं, खाजगी मालमत्तेला हात लावणं जमेना. आज दक्षिणेतली जमीन वाटली तर उद्या उत्तरेतल्या कारखान्यांतले कामगार काय मागतील, ही धास्तीही होती.

मग काय झालं ते जमीन नसलेल्या कुळाची गोष्ट ठाऊक असलेल्या कोणालाही सांगावं लागू नये. त्याच मालकाची तीच जमीन वाट्याने कसायची, बी-बियाणं आणि दाणागोटा त्याच्याच किंवा त्याच्या ओळखीच्या दुकानातून उधार, कापूस विकल्यावर हिशेब मालक करणार, आणि वर्षाअखेर कर्ज वाढलेलं. मत मिळालं, १८७० च्या १५ व्या दुरुस्तीने रंगावरून मत नाकारायला बंदीही झाली. पण ज्याच्या घरात राहायचं, ज्याच्या रानात राबायचं, त्याच्या मर्जीविरुद्ध मत टाकायला किती जण जाणार? गेले, जिवावर उदार होऊन बरेच गेले. १८७७ नंतर केंद्राने हात काढून घेतला तेव्हा तेही संपलं. मत नाकारणाऱ्या राज्याच्या जागा कापायचं दुसरं कलम आजतागायत एकदाही वापरलेलं नाही. पहिल्या कलमाचं समान संरक्षण १८९६ मध्ये ‘वेगळं पण समान’ म्हणून न्यायालयानेच पोकळ केलं, ते १९५४ मध्ये काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळांच्या खटल्यात परत उभं राहिलं.

आपल्याकडचे धागे खरे आहेत तेवढेच सांगतो. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केली, निग्रोंना दास्यातून सोडवल्याबद्दल, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा या इच्छेने. स्टीव्हन्सला जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. भारतीय घटनेच्या अनुच्छेद १४ मध्ये ‘कायद्यापुढे समानता’ आणि ‘कायद्याचं समान संरक्षण’ असे दोन शब्दप्रयोग आहेत; पहिला इंग्रजी परंपरेतला, दुसरा थेट या १४ व्या दुरुस्तीतला. आकडा जुळला तो निव्वळ योगायोग. ‘योग्य कायदेशीर प्रक्रिया’ हा तिसरा शब्दप्रयोग मात्र आपल्या घटनाकारांनी टाळला; घटनेचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टरना भेटून आले त्यानंतर. आणि बाबासाहेबांनी १९४७ साली अल्पसंख्याकांच्या हक्कांवर जे निवेदन तयार केलं त्यात शेतजमीन सरकारच्या मालकीची करून जात न पाहता कसायला द्यावी अशी मागणी आहे. ती मागणी संविधानात आली नाही. ती का आली नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय. पण स्टीव्हन्सच्या १८६७च्या विधेयकाशेजारी ठेवून वाचावी अशी आहे.

शेवटचं वर्ष महाभियोगात गेलं. जॉन्सनने संसदेचा कायदा डावलून युद्धमंत्र्याला काढलं. २४ फेब्रुवारी १८६८ रोजी प्रतिनिधिगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी त्याच्यावर महाभियोग ठेवला. स्टीव्हन्सला चालवत नव्हतं. दोन तरुण त्याला खुर्चीतून उचलून सभागृहात आणत. तुम्ही मेलात की मला कोण उचलणार रे पोरांनो, असं तो त्यांना म्हणे. त्याला पदावरून काढायला सिनेटमध्ये ३६ मतं लागत होती, ३५ पडली. जॉन्सन सुटला.

१४ वी दुरुस्ती जुलै १८६८ मध्ये पुरेशा राज्यांनी संमत केली आणि ११ ऑगस्टच्या रात्री स्टीव्हन्स वारला. पलंगाशी लिडिया स्मिथ होती. संसदेच्या घुमटाखाली त्याचा देह ठेवला तेव्हा काळ्या सैनिकांनी पहारा दिला. लँकेस्टरच्या मोठ्या दफनभूमींच्या नियमांत काळ्यांना जागा नव्हती, म्हणून त्याने तशी अट नसलेली एक छोटी जागा घेऊन ठेवली होती, आणि आपण इथे का, हे थडग्यावर कोरायचा मजकूरही स्वतःच लिहून ठेवला होता: एकांताची आवड म्हणून नव्हे, तर इतर दफनभूमींचे नियम वर्णाची अट घालतात म्हणून.

मृत्युपत्रात लिडिया स्मिथची सोय होती. पुतण्यासाठी अट होती, की पाच पाच वर्षं दारूला शिवला नाही तर इस्टेटीचा हिस्सा. पुतण्याला ते झेपलं नाही. मग पैसा अनाथ मुलांच्या आश्रमाकडे वळला. त्यातूनच पुढे १९०५ साली लँकेस्टरला धंदेशिक्षणाची शाळा निघाली. आज ते त्याच्या नावाचं तंत्रशिक्षणाचं कॉलेज आहे.

त्या आश्रमाचं कलम वकिलाने लिहिलंय हे कळतं. ‘कोणताही भेदभाव नाही’ एवढं एक वाक्य कोणी दुसऱ्याने लिहिलं असतं. स्टीव्हन्सने एकेक वाट अडवत नेली आहे. प्रवेश देताना वर्ण किंवा रंग पाहायचा नाही. आत घेतल्यावर वागवतानाही पाहायचा नाही. आईबापांचा वंश किंवा धर्म पाहून गरीब जर्मन, आयरिश वा मुसलमान पोराला बाहेर ठेवायचं नाही. सगळ्यांना त्याच वर्गांत, त्याच पद्धतीने शिकवायचं. इथवर लिहून झाल्यावरही त्याला शंका आली असावी, की प्रवेश देतील, एका वर्गात बसवतील आणि जेवायला वेगळी पंगत मांडतील. म्हणून पुढे आणखी एक वाक्य घातलं आहे: त्यांना एकाच टेबलावर जेवायला वाढायचं.